रॉबर्ट मॉरिसची सही : १७८१ ते १८०१

१७८१ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकन काँग्रेसच्या नावाची नोट कुणी हातात धरत नव्हतं. रॉबर्ट मॉरिस नावाच्या व्यापाऱ्याच्या सहीची चिठ्ठी मात्र बाजारात चालत होती. सोळा वर्षांनंतर त्याच शहरात त्याच सहीच्या चिठ्ठ्या डॉलरला काही सेंट या भावानं विकल्या जात होत्या. त्यानंतर काही महिन्यांतच सही करणारा कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगात गेला.

मॉरिसची गोष्ट सांगताना तिचे दोन तुकडे करायची रीत आहे. पहिल्यात तो इंग्लंडविरुद्धच्या अमेरिकन क्रांतीला पैसा पुरवणारा देशभक्त असतो, दुसऱ्यात जमिनीच्या हव्यासानं बुडालेला सट्टेबाज. मला हे पटत नाही. दोन्ही वेळा त्यानं एकच काम केलं, उद्या येणाऱ्या पैशाच्या भरवशावर आज सही केली. पहिल्या वेळी ते का जमलं आणि दुसऱ्या वेळी का फसलं, एवढ्याच प्रश्नासाठी हे प्रकरण उघडायचं आहे.

पेढीवरचं शिक्षण

मॉरिसचा जन्म १७३४ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. बाप मेरीलँडमधल्या ऑक्सफर्ड बंदरात तंबाखू खरेदीचा अडत्या होता. पोरगा तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याच्याकडे आला. १७५० मध्ये बापाच्या सन्मानार्थ एका जहाजावरून तोफेची सलामी झाली, तोफेतला बोळा उडून त्यालाच लागला आणि ती जखम चिघळून तो गेला. पोरका रॉबर्ट तोवर फिलाडेल्फियात विलिंग घराण्याच्या पेढीवर उमेदवारी करू लागला होता. १७५७ मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, तो मालकाचा मुलगा थॉमस विलिंग याचा भागीदार झाला.

‘विलिंग अँड मॉरिस’ची जहाजं पीठ, लाकूड आणि तंबाखू घेऊन जात आणि कापड, दारू, मीठ घेऊन येत. पेढीनं गुलामांचाही व्यापार केला. मॉरिसच्या गौरवपर चरित्रांत हा भाग चटकन उरकतात, पण त्याच्या सुरुवातीच्या भांडवलात तो पैसा होता.

आपल्या प्रकरणाच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते व्यापाराचं तंत्र. अमेरिकन वसाहतींत नाण्यांचा कायम दुष्काळ असे. लंडनच्या अडत्यावर काढलेली हुंडी हेच मोठ्या व्यवहाराचं चलन होतं. ती हातोहात फिरे, प्रत्येक जण मागं सही करून पुढं देई, आणि मुदतीच्या दिवशी लंडनमध्ये कुणीतरी ती भरे. माल समुद्रात असतानाच पैसा उभा करायचा आणि माल पोचेपर्यंत वेळ काढायचा, हा त्या धंद्याचा रोजचा श्वास होता. यात काही गैर नव्हतं. हुंडी न वटता परत येणं ही मात्र मोठी बेअब्रू होती. वीस वर्षं मॉरिसनं हेच केलं, आणि त्यात तो पटाईत झाला.

राजकारणात तो तसा कचरत उतरला. २ जुलै १७७६ रोजी काँग्रेसमध्ये स्वातंत्र्याच्या ठरावावर मतदान झालं, तेव्हा त्याच्या मते ती घाई होती. तो आणि जॉन डिकिन्सन त्या दिवशी मतदानापासून बाजूला राहिले, म्हणून पेन्सिल्व्हेनियाचं मत ठरावाच्या बाजूनं पडू शकलं. महिन्याभरानं त्यानं जाहीरनाम्यावर सही केली ती केलीच. जाहीरनामा, संघराज्याचा पहिला करार आणि पुढची राज्यघटना या तिन्हींवर सह्या असलेली दोनच माणसं आहेत, एक कनेक्टिकटचा रॉजर शर्मन आणि दुसरा मॉरिस.

१७७६ च्या डिसेंबरात इंग्रज फौज जवळ आली म्हणून काँग्रेस बाल्टिमोरला निघून गेली. मॉरिस मागं राहिला. हेरांना द्यायला वॉशिंग्टनला रोकड हवी होती, कारण हेर कागदी पैसे घेत नसत. मॉरिसनं जमवून पाठवलेल्या रकमेत ४१० स्पॅनिश डॉलर, २ इंग्लिश क्राउन, ७२ फ्रेंच क्राउन आणि १०७२ इंग्लिश शिलिंग होते. अमेरिकन असं एकही नाणं त्यात नव्हतं, कारण तसं नाणं अस्तित्वातच नव्हतं. दारोदार हात पसरून जमवलेला पैसा कसा दिसतो ते या यादीत दिसतं.

त्याच्यावर आरोपही झाले. सरकारी खरेदी आणि खासगी धंदा त्याच्या एकाच टेबलावर चाले, आणि कुठलं पिंप कुणाचं हे बाहेरच्याला कळणं अवघड होतं. १७७९ मध्ये काँग्रेसनं चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं, पण लोकांचा संशय गेला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात महागाईनं चिडलेल्या मिलिशियाच्या, म्हणजे नागरी सैनिकांच्या, जमावानं जेम्स विल्सन या वकिलाच्या घराला वेढा घातला, गोळीबार झाला, माणसं मेली. आत अडकलेल्यांत मॉरिस होता. थॉमस पेननं त्याच्यावर जाहीर टीका केली होती. तीन वर्षांनी मॉरिसनंच त्या पेनला वर्षाला ८०० डॉलर देऊन सरकारच्या बाजूनं लिहायला बसवलं. धंदेवाईक माणूस राग धरून बसत नाही, याचा हा नमुना.

१७८१ : रिकामी तिजोरी

काँग्रेसनं युद्धाच्या पहिल्या पाच वर्षांत वीस कोटींहून अधिक डॉलरच्या नोटा छापल्या होत्या. कर बसवायचा अधिकार तिला नव्हता. राज्यांकडे मागणी करायची आणि वाट बघायची, एवढंच तिच्या हाती होतं. १७८१ उजाडता उजाडता पेन्सिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीच्या पलटणींनी पगारावरून बंड केलं. वसंतापर्यंत नोटांचं मोल संपलं. समित्यांनी खजिना चालवायचा प्रयोग फसल्यावर फेब्रुवारीत काँग्रेसनं एकाच माणसाकडे वित्त अधीक्षक म्हणून कारभार द्यायचं ठरवलं.

मॉरिसनं लगेच होकार दिला नाही. दोन अटी घातल्या. आपला खासगी व्यापार चालू राहील, आणि सरकारी पैसा हाताळणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याला काढायचा अधिकार आपल्याला हवा. काँग्रेसनं नाक मुरडलं आणि मान्य केलं. आजच्या निकषांनी पहिली अट कुठंच टिकली नसती. पण काँग्रेसला मॉरिसची पतच हवी होती आणि ती पत त्याच्या धंद्यात होती. धंदा बंद केला असता तर ज्यासाठी त्याला बोलावलं तेच गेलं असतं.

ऑगस्टमध्ये तो वॉशिंग्टनच्या छावणीवर गेला होता तो सैन्याचा खर्च कमी कसा करता येईल हे बोलायला. त्याच सुमारास, १४ ऑगस्टला, बातमी आली की अमेरिकेच्या मदतीला आलेलं ॲडमिरल द ग्रासचं फ्रेंच आरमार चेसापीक उपसागराकडे निघालंय आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच थांबणार आहे. तिथल्या इंग्रज फौजेला गाठायला न्यूयॉर्कजवळचं सैन्य सातशे किलोमीटर दक्षिणेला न्यायचं होतं आणि मध्ये पैसा नावाची गोष्ट नव्हती. खर्चकपातीची चर्चा बाजूला पडली. मॉरिसनं मेरीलँड आणि डेलावेअरच्या गव्हर्नरांना पिठासाठी आणि मांसासाठी पत्रं लिहिली, बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांकडे होड्या मागितल्या आणि जिथं अडलं तिथं स्वतःची हमी दिली.

वॉशिंग्टनची आणखी एक मागणी होती, शिपायांना एका महिन्याचा पगार, आणि तो नाण्यांत. उत्तरेकडची माणसं दक्षिणेच्या तापाच्या मुलखात जायला तयार नव्हती. सप्टेंबरच्या सुरुवातीला धुळीनं माखलेल्या पलटणी फिलाडेल्फियातून कुरकुरत गेल्या. मॉरिसकडे नाणी नव्हती. फ्रेंच सेनापती रोशांबोच्या खजिन्यात थोडी होती. मॉरिसनं २० हजार डॉलर उसने मागितले आणि १ ऑक्टोबरला परत करायचा शब्द दिला. फ्रेंच खजिनदार का-कू करत होता, कारण त्याचीच पेटी तळाला गेली होती आणि नवी रोकड द ग्रासच्या जहाजांवर होती. आरमार पोचलं की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

५ सप्टेंबरला मॉरिस चेस्टरच्या रस्त्यानं रोशांबोला गाठायला निघाला. फ्रेंच बोलायला बरोबर त्याचा सहायक गव्हर्नर मॉरिस होता. ‘गव्हर्नर’ हे त्याचं नावच, हुद्दा नव्हे. आडनाव एक असलं तरी नातंही काही नाही. वाटेत वॉशिंग्टनचा जासूद भेटला. द ग्रास पोचला होता. त्यानंतर २० हजारांचा प्रश्न उरला नाही. ८ सप्टेंबरला मेरीलँडमधल्या हेड ऑफ एल्क इथं पगार वाटला गेला. एका साध्या शिपायानं म्हातारपणी लिहिलंय की १७७६ नंतर खरा पैसा म्हणावा असा पगार हातात आला तो हाच, आणि युद्ध संपेपर्यंत पुन्हा आला नाही. १९ ऑक्टोबरला यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसनं शस्त्रं खाली ठेवली.

इथं क्षणभर थांबून मॉरिसनं शब्द कशाच्या बळावर दिला ते पाहू. २५ ऑगस्टला कर्नल जॉन लॉरेन्स फ्रान्सहून २५ लाख लिव्र एवढी चांदी घेऊन बोस्टनला उतरला होता. म्हणजे मॉरिसनं १ ऑक्टोबरचा वायदा केला तेव्हा चांदी अमेरिकेच्या किनाऱ्यावर होती, फक्त चुकीच्या गावात. ती फिलाडेल्फियाला आणायला त्यानं टेंच फ्रान्सिसला पाठवलं. ओकच्या जाड पेट्या करून, लोखंडी पट्ट्या ठोकून चौदा गाड्यांवर त्या लादल्या. बैल जोडलेल्या त्या गाड्या इंग्रजांच्या तावडीतला किनारा टाळत आतल्या रस्त्यांनी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोचल्या. वायद्याची तारीख गेली होती, पण माल होता.

बॉबच्या नोटा आणि बँक

त्यानंतर त्यानं स्वतःच्या नावाच्या नोटा काढल्या. ‘युनायटेड स्टेट्स’ असा पाण्याचा ठसा असलेला कागद आणि खाली मॉरिसची सही. लोक त्यांना ‘लाँग बॉब’ आणि ‘शॉर्ट बॉब’ म्हणत. बॉब म्हणजे रॉबर्ट, आणि लाँग-शॉर्ट म्हणजे मुदत. या टोपणनावांत बाजाराची जाण दिसते. लोकांनी नोटेची किंमत किंवा रंग पाहून नावं ठेवली नाहीत, पैसे कधी मिळणार ते पाहून ठेवली.

३१ डिसेंबर १७८१ ला काँग्रेसनं बँक ऑफ नॉर्थ अमेरिकाला सनद दिली आणि ७ जानेवारी १७८२ ला ती उघडली. अध्यक्ष होता जुना भागीदार थॉमस विलिंग. चार लाख डॉलरचं भांडवल उभं करायचं होतं, पण खासगी भागधारकांकडून सत्तर हजारांच्या आसपासच आले. बोस्टनहून आलेल्या चांदीतले २ लाख ५४ हजार मॉरिसनं सरकारच्या नावानं बँकेत घातले. मग त्याच बँकेकडून सरकारसाठी घातले होते त्याहून जास्त कर्ज काढलं. वाचताना हातचलाखी वाटते, आणि थोडी होतीही. पण तिजोरीत खरी चांदी होती, मागेल त्याला ती मिळत होती आणि कर्जं अल्प मुदतीची होती. बँक टिकली.

सैन्याचा शिधाही त्यानं ठेक्यावर दिला. शेतकऱ्याच्या गोठ्यातून बैल उचलून हातावर पावती ठेवायची पद्धत बंद झाली आणि ठेकेदाराशी दर ठरू लागला. महसुलाचं मात्र काही जमलं नाही. १७८२ साठी राज्यांकडे ८० लाख डॉलर मागितले होते. वर्ष संपेपर्यंत पाच लाखही आले नाहीत. आयातीवर पाच टक्के जकात बसवायला सगळ्या राज्यांची संमती लागत होती. चिमुकल्या ऱ्होड आयलंडनं नकार दिला आणि विषय संपला. जानेवारी १७८३ मध्ये मॉरिसनं राजीनामा दिला आणि तो जाहीरही केला. काँग्रेसला ते झोंबलं. सैन्य घरी पाठवताना तीन महिन्यांच्या पगाराच्या, साडेसात लाख डॉलरच्या नोटांवर सह्या करायला मात्र तोच लागला. त्या सह्या निभावण्यासाठी तो १७८४ च्या नोव्हेंबरपर्यंत पदावर राहिला.

या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी सांगितला जाणारा प्रसंग याच काळातला. नोटा भागवायला मॉरिसनं ॲमस्टरडॅमच्या पेढ्यांवर हुंड्या काढल्या, आणि तिथं अमेरिकेच्या खात्यात शिल्लक होती त्याहून जास्त काढल्या. हुंड्या परत फिरल्या असत्या तर नव्या देशाची पत युरोपात जन्मतःच मेली असती. अमेरिकेचा मुत्सद्दी जॉन ॲडम्स तेव्हा लंडनमध्ये होता, आजारातून उठलेला. १७८४ च्या जानेवारीत तो मुलाला घेऊन उत्तर समुद्रातल्या वादळातून निघाला, भलत्याच बेटावर उतरला, बर्फ तुडवत, बर्फावरून ओढायच्या होड्यांत बसत ॲमस्टरडॅमला पोचला आणि महागड्या अटींवर वीस लाख गिल्डरचं कर्ज उभं करून त्यानं हुंड्या सोडवल्या.

मॉरिसच्या नोटा निभल्या. फिलाडेल्फियात बसून पाहिलं तर पद्धत पुन्हा एकदा यशस्वी झाली होती. माझ्या मते तो इथंच बिघडला. शिलकीच्या पलीकडे सही करावी आणि पैसा कुठून ना कुठून येतोच, हा धडा त्यानं घेतला. प्रत्यक्षात कुणीतरी बर्फातून चालत गेलं होतं म्हणून पैसा आला होता.

जमीन

पुढची काही वर्षं वरवर वैभवाची होती. १७८४ मध्ये अमेरिकेतून चीनला गेलेलं पहिलं जहाज, ‘एम्प्रेस ऑफ चायना’, त्याच्या भागीदारीतलं होतं. जिनसेंगची मुळं घेऊन गेलं, चहा आणि रेशीम घेऊन आलं. १७८७ च्या घटना परिषदेच्या वेळी वॉशिंग्टन त्याच्याच घरी उतरला होता. परिषदेच्या अध्यक्षपदासाठी वॉशिंग्टनचं नाव मॉरिसनं सुचवलं आणि नंतर चार महिने तो जवळजवळ गप्प बसला. मग पेन्सिल्व्हेनियाचा सिनेटर झाला. राजधानी फिलाडेल्फियात आली तेव्हा त्याचं मार्केट स्ट्रीटवरचं घर राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान झालं. आतून मात्र फ्रान्सबरोबरच्या तंबाखूच्या ठेक्यानं त्याला पोखरलं होतं. त्यात तोटा आणि कज्जे दोन्ही पदरात पडले.

त्यातून बाहेर पडायला त्यानं जमीन धरली. पश्चिम न्यूयॉर्कमधले लाखो एकरांचे हक्क घेतले, १७९१ मध्ये त्यातला मोठा पट्टा लंडनच्या पुल्टनी मंडळींना ७५ हजार पौंडांना विकला, आणि पुढच्या दोन वर्षांत सुमारे ३३ लाख एकर हॉलंडच्या भांडवलदारांना. दोन्ही सौदे चटकन झाले आणि घसघशीत पैसे सुटले. त्या दिवशी तो थांबला असता तर अमेरिकेतल्या सर्वांत धनाढ्य माणसांत गणला गेला असता. हे वाक्य प्रत्येक सटोडियाबद्दल लिहिता येतं, हे मला कळतं. पण इथं ‘थांबला असता’ याला तारीख आहे, डिसेंबर १७९३.

त्या महिन्यात त्यानं जेम्स ग्रीनलीफ आणि जॉन निकल्सन या दोघांबरोबर पोटोमॅकच्या काठी होऊ घातलेल्या राजधानीतले ६ हजार भूखंड घेतले. दर भूखंडाला सुमारे ८० डॉलर, सात वार्षिक हप्ते, बिनव्याजी. बदल्यात दरवर्षी वीस पक्की दुमजली घरं बांधायची आणि राजधानीच्या आयुक्तांना दरमहा २२०० डॉलर कर्जाऊ द्यायचे. ग्रीनलीफ म्हणत होता की हॉलंडमध्ये आपली ओळख आहे, कर्ज झालंच समजा. निकल्सन पेन्सिल्व्हेनियाचा महालेखापाल. १७९४ मध्ये त्याच्यावरच्या महाभियोगातून तो सुटला आणि मग त्यानं पद सोडलं. जानेवारी १७९५ मध्ये फ्रेंच फौजा ॲमस्टरडॅममध्ये शिरल्या. डच कर्जाचा विषय तिथंच मिटला.

तरीही फेब्रुवारी १७९५ मध्ये तिघांनी नॉर्थ अमेरिकन लँड कंपनी काढली. साठ लाख एकर जमीन, तीही सहा राज्यांत विखुरलेली, बरीचशी जॉर्जियातल्या पाइनच्या रेताड रानांची. शंभर डॉलरचे तीस हजार भाग, आणि वर्षाला सहा टक्के लाभांशाची हमी. ज्या जमिनीवर झोपडी नाही, रस्ता नाही, खंड नाही, तिच्यावर हमीचा लाभांश कुठून देणार? नव्या चिठ्ठ्या काढूनच. जमीन उत्पन्न देत नव्हती आणि कर मात्र मागत होती. कर थकला की राज्य ती लिलावात काढी.

मग मॉरिस आणि निकल्सन एकमेकांच्या चिठ्ठ्यांवर जामीन राहू लागले. एकानं लिहायची, दुसऱ्यानं मागं सही करायची. दोन सह्या म्हणून कागद भारदस्त दिसे. प्रत्यक्षात दोन्ही खिसे एकाच पाटलोणीचे होते. लाखो डॉलरच्या अशा चिठ्ठ्या बाजारात आल्या आणि वटाव वाढत वाढत गेला. १७८१ मध्ये फ्रेंच खजिनदार होता. तो तारीख विचारत होता, का-कू करत होता, आणि आरमार पोचल्याची बातमी येईपर्यंत पेटी उघडत नव्हता. १७९५ मध्ये तसं विचारणारं कुणी टेबलाशी उरलंच नव्हतं. तेव्हाच्या चिठ्ठ्यांमागं बोस्टनला उतरलेली चांदी होती. आताच्या चिठ्ठ्यांची मुदत महिन्यांत मोजायची होती आणि त्यांच्यामागची जमीन विकायला, कसायला, वसवायला एक पिढी लागणार होती. जमीन निकृष्ट होती म्हणून तो बुडाला, असं अनेक जण लिहितात. पण राजधानीचे भूखंड काही निकृष्ट नव्हते. मुदती जुळत नव्हत्या.

याच दिवसांत चेस्टनट स्ट्रीटवर एक अख्खा चौक व्यापेल असा वाडा तो बांधत होता. आराखडा राजधानीचा नकाशा आखणाऱ्या पिएर लाँफाँचा. संगमरवरी चौकटी, कोरीवकाम, तळघराखाली तळघर; छप्पर कधी पुरं झालं नाही. शहरानं त्याला ‘मॉरिसचा मूर्खपणा’ असं नाव ठेवलं.

१७९७ च्या फेब्रुवारीत बँक ऑफ इंग्लंडनं सोन्यात पैसे द्यायचं थांबवलं, युरोपातून येणारा पैसा आटला आणि अमेरिकेत पेढ्या धडाधड बसू लागल्या. मॉरिस शूलकिल नदीकाठच्या आपल्या बंगल्यात दार लावून बसला. त्या काळी पेन्सिल्व्हेनियात घरात शिरून कर्जापायी अटक करता येत नसे, म्हणून सावकारांची माणसं अंगणात शेकोट्या पेटवून पहारा देत. मॉरिस आणि निकल्सन पत्रांतून या घराला ‘कॅसल डिफायन्स’ म्हणत, म्हणजे शरण न जाणारा किल्ला. विनोदबुद्धी शाबूत होती.

त्याच सप्टेंबरात त्याचा मुलगा थॉमस न्यूयॉर्कमधल्या बिग ट्री इथं सेनेका या मूळनिवासी लोकांशी बोलणी करत होता. डचांना विकलेल्या जमिनीवरचा सेनेकांचा हक्क संपवून द्यायची जबाबदारी मॉरिसची होती आणि तोवर विक्रीचा काही भाग अडकून होता. स्वतः जायची सोय नव्हती, घराबाहेर पाऊल टाकलं की अटक. सेनेका वक्ता रेड जॅकेट यानं जमीन द्यायला नकार देऊन बैठक संपल्याचं जाहीर केलं. थॉमसनं मग बायकांना गाठलं. सेनेकांच्या रीतीत जमिनीबाबत बायकांच्या शब्दाला वजन होतं. त्याने त्यांना गाई आणि भेटवस्तू कबूल केल्या. बोलणी पुन्हा सुरू झाली आणि एक लाख डॉलरला, सुमारे दोन लाख एकर राखीव ठेवून, बाकीचा मुलूख गेला. मॉरिसच्या मुदती भागवण्यासाठी एका समाजाची भूमी सुटली, आणि मॉरिसच्या मुदती काही भागल्या नाहीत. या प्रकरणात खरा तोटा कुणाचा झाला हे मोजायचं तर सेनेकांपासून सुरुवात करावी लागेल.

प्रून स्ट्रीट

फेब्रुवारी १७९८ मध्ये एका सावकारानं त्याला पकडवलं आणि तो प्रून स्ट्रीटच्या तुरुंगात गेला. ग्रीनलीफही तिथंच होता. निकल्सन नंतर आला आणि १८०० च्या डिसेंबरात तुरुंगातच मेला. ज्याच्या घरात मॉरिस एकदा जमावापासून लपला होता तो जेम्स विल्सन सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला होता; तोही जमिनीतच बुडाला आणि १७९८ मध्ये सावकारांना चुकवत नॉर्थ कॅरोलायनात वारला.

विल्यम वुड नावाच्या नटानं तुरुंगातल्या मॉरिसची आठवण लिहून ठेवली आहे. हा स्थूल म्हातारा रोज अंगणात ठरलेल्या फेऱ्या मारी आणि दर फेरीला हातातला एक खडा खाली टाकी, म्हणजे मोजणीत चूक नको. बायको मेरी आणि मुलगी मारिया जेवणाच्या वेळी येत, शहरात पिवळ्या तापाची साथ होती तरी. त्या साथीच्या शरदात मुलगा विल्यम गेला. नोव्हेंबरात फ्रान्सशी युद्ध होईल म्हणून सैन्याची जुळवाजुळव करायला वॉशिंग्टन फिलाडेल्फियात आला आणि २७ तारखेला तुरुंगात मॉरिस कुटुंबाबरोबर जेवला. कर्ज काढून त्यानं आपल्या मित्राला सोडवलं असतं का, असं काही जण विचारतात. तीस लाखांच्या घरातली रक्कम होती. वॉशिंग्टनचा माउंट व्हर्ननही त्यात बुडाला असता.

एप्रिल १८०० मध्ये काँग्रेसनं पहिला दिवाळखोरी कायदा केला. त्याखाली २६ ऑगस्ट १८०१ ला, साडेतीन वर्षांनी, मॉरिस सुटला. तपासात देणं सुमारे २९ लाख ५० हजार डॉलर निघालं. तो कायदा फार दिवस टिकला नाही, १८०३ मध्ये रद्द झाला. लँड कंपनीच्या हिशेबांचे वाद मात्र मॉरिसनंतरही अनेक दशकं कोर्टांत चालू राहिले.

सुटल्यावर घर चाललं ते मेरीमुळं. डच कंपनीला न्यूयॉर्कच्या जमिनीवर निर्वेध मालकी हवी होती, आणि पत्नी म्हणून मेरीचा त्या जमिनीवर कायदेशीर वाटा होता. तिनं हक्क सोडल्याचा कागद लागत होता. गव्हर्नर मॉरिसनं, तोच चेस्टरच्या रस्त्यावरचा दुभाषी, कंपनीशी घासाघीस केली आणि त्या कागदाच्या बदल्यात तिला हयातभर वर्षाला १५०० डॉलर बांधून घेतले. या कराराला तारीख होती, समोर पैसे देऊ शकणारी पार्टी होती, आणि रक्कम दरवर्षी येत राहिली. रॉबर्ट मॉरिस ८ मे १८०६ ला फिलाडेल्फियात वारला.